शेजाऱ्यांचा समुद्र

न्यू लिनच्या लायब्ररीत नीलांबरी शिरली ती पुस्तकासाठी नाही, पावसापासून वाचायला. फार्मसीतली शनिवारची शिफ्ट संपवून ती स्टेशनकडे निघाली होती. पण ऑकलंडचा जुलै तो... उन्हात निघावं आणि चार पावलांत चिंब व्हावं. छत्री उघडेपर्यंत वाऱ्याने तिच्या दोन काड्या मोडल्या होत्या. केसांतलं पाणी निथळत ती आतल्या एका लहानशा खोलीपाशी थांबली. दार अर्धवट उघडं होतं, आणि आत एक उंच, सडसडीत तरुण रिकाम्या खुर्च्यांसमोर उभा राहून इंग्रजीत भाषण ठोकत होता.

मासा ज्याच्या पाण्यात, त्याच्या मालकीचा, असं तो एका खुर्चीला बजावत होता. ब्रिटन आता युरोपातून बाहेर पडलंय. ब्रिटनच्या समुद्रातला बांगडा ब्रिटनचा, फ्रान्सचा त्याच्याशी काय संबंध?

नीलांबरीला हसू आलं. दाबायला गेली, तर ते जास्तच मोठ्याने बाहेर पडलं.

तो गर्रकन वळला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“बांगड्याला कुणी विचारलंय का?” ती स्वतःशीच पुटपुटली, ती मराठीत.

“मग विचारून सांगा ना,” तो म्हणाला. तोही मराठीत.

आता लाजायची पाळी तिची होती. पण बोलून बसली होती, तेव्हा पुढे बोलावंच लागलं. बांगडा एका जागी राहत नाही, अंडी एकीकडे घालतो, चरायला दुसरीकडे जातो, मोठा तिसरीकडेच होतो. त्याला हद्दबिद्द काही माहीत नसते, असं तिने एका दमात सांगून टाकलं. तो ऐकत राहिला. मग त्याने खिशातून कागद काढला आणि ते चक्क लिहून घेतलं.

त्याचं नाव श्रीनाथ. ऑकलंडमधल्याच माउंट वेलिंग्टनला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, आणि दर शनिवारी इथे वादसभा चालवायचा. हौशी लोक यायचे, विषय काढून भांडायचे आणि मग चहा प्यायचे. तीन आठवड्यांनी हॅमिल्टनजवळ रोटोटुनाला मोठा सामना होता. विषय असा: युरोपीय शेजाऱ्यांच्या बोटींना ब्रिटनने आपल्या समुद्रात मासेमारी करू द्यावी का? श्रीनाथ ‘देऊ नये’ म्हणणार होता. ‘द्यावी’ म्हणणाऱ्याला राजधानीत, वेलिंग्टनला नोकरी लागली आणि तो निघून गेला.

“म्हणजे मला भांडायला कुणी नाहीये,” तो म्हणाला. “तुम्ही... भांडाल का माझ्याशी? तीनच आठवडे.”

तिने नाव सांगितलं. नीलांबरी पावसे.

“पावसे?” त्याने खिडकीबाहेर पाहिलं. “मग हा तुमचाच दिसतोय.”

ती पुन्हा हसली. तिथेच तिचा होकार गेला.

तुम्ही कुठल्या, हे त्याने जाता जाता विचारलं होतं. “पुण्याची,” ती म्हणाली. हे उत्तर इतकी वर्षं देऊन इतकं गुळगुळीत झालं होतं, की ते खोटं आहे हे तिच्या लक्षातही येत नसे. पुण्यात ती शिकली होती, एवढंच खरं होतं. ती कोकणातल्या हर्णैची होती. कोळीवाड्यातली. वडील तांडेल, स्वतःच्या बोटीचे. आई बंदरावरच्या लिलावात उभी राहायची, आणि तिचा आवाज पार समुद्रातल्या किल्ल्यापर्यंत जातो असं लोक म्हणायचे.

मग सुरू झाल्या भेटी. त्याच्या ऑफिसजवळच्या कॅफेत दोघं समोरासमोर बसत आणि मधल्या टेबलावर उत्तर समुद्राचा नकाशा पसरलेला असे. ‘तुम्ही’चं ‘तू’ दुसऱ्याच भेटीत झालं. मुद्दा कसा बांधायचा, कुठे थांबायचं, समोरच्याचं वाक्य त्याच्याच अंगावर कसं उलटवायचं, हे तो शिकवी. ती त्याला मासे शिकवी. तो जन्माचा शाकाहारी. कॉड आणि हेरिंगवर तासभर बोलणाऱ्या या माणसाने आयुष्यात एकदाही मासा साफ होताना पाहिला नव्हता, हे कळल्यावर ती इतकी हसली, की शेजारच्या टेबलावरच्या आजीबाई वळून बघायला लागल्या.

“हसून घे,” तो म्हणाला. “रोटोटुनाला रडवणार आहे तुला.”

“बघू या.”

“बघतोच आहे...” असं म्हणून तो जरा जास्तच वेळ बघत राहिला, आणि मग घाईघाईने नकाशाची घडी घालू लागला.

तिला ते आवडलं. घरी जाताना ट्रेनच्या काचेवरच्या थेंबांकडे बघत ती उगीच हसत होती. पण त्या हसण्याखाली कुठेतरी एक बारीक काटा होता. हा माणूस जिच्याकडे बघतोय ती पुण्याची आहे. हर्णैची नाही.

सामन्याच्या रविवारी दोघं त्याच्याच गाडीतून निघाली. हायवेच्या कडेने वाइकाटो नदी संथ चालली होती. धुकं विरत होतं, हिरव्या उतारांवर मेंढ्या ठिपक्यांसारख्या पसरल्या होत्या. तो खुशीत होता, तोंडाने मुद्द्यांची उजळणी चालली होती. बोलता बोलता म्हणाला, “खरं सांगू? ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेत मासेमारी म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. उगाच एवढा गाजावाजा. बोटीवरच्या माणसांना काय कळतं व्यापारातलं? त्यांना दुसरं काम दिलं, की झालं.”

तो आकडा खरा होता, हे नीलांबरीला माहीत होतं. पण ‘बोटीवरची माणसं’ म्हटल्यावर तिला बाबांचे हात दिसले. मिठाने चिरलेले, वारा कुठून फिरतोय हे बोटं वर करून सांगणारे. व्यापारातलं कळत नाही? आई तर टोपलीकडे एक नजर टाकून सांगायची, कुठला दलाल आज कशाला आलाय आणि कुणाला विकणार आहे.

ती खिडकीतून नदी बघत राहिली. तो दोनदा म्हणाला, गप्प का झालीस? ती म्हणाली, मुद्दे आठवतेय.

रोटोटुनात जेवायला ती दोघं त्याच्या सुलेखामावशीकडे गेली. मावशी डॉक्टर, मोठ्या प्रेमळ. ताटात वरणभात, कोशिंबीर, वर साजूक तूप. त्यांनी सहज विचारलं, “तू कुठली गं?” नीलांबरीने तोंड उघडायच्या आत श्रीनाथ कौतुकाने म्हणाला, “आपल्या पुण्याची!” मावशीचा चेहरा उजळला. नीलांबरीने मान डोलावली आणि घास गिळला.

हॉल भरला होता. अध्यक्ष होते वायरेमू नावाचे एक वयस्कर माओरी गृहस्थ. तरुणपणापासून त्यांनी जवळच्या रॅग्लनच्या किनाऱ्यावर चाळीस वर्षं मासेमारीची बोट चालवली होती. ‘किया ओरा’ म्हणून सभेला नमस्कार करून त्यांनी सांगितलं, की आमच्याकडे माणूस बोलायला उभा राहिला की आधी आपला डोंगर सांगतो, आपलं पाणी सांगतो, आपली होडी आणि आपली माणसं सांगतो. तुम्हीही तुमच्या पद्धतीने सांगा. आम्हाला कळू दे, कोण बोलतंय ते.

श्रीनाथ आधी उठला. डोंगर सिंहगड, नदी मुठा. होडी नाही, पण वडिलांची स्कूटर होती, असं म्हटल्यावर सभा हसली. मग तो बोलला आणि फार छान बोलला. घर ज्याचं त्याने दार उघडायचं की नाही हे ठरवावं. न्यूझीलंडनेही आपली दोनशे मैलांची हद्द आखलीच ना? ब्रेक्झिटच्या वेळी ब्रिटिश मासेमारांना समुद्र परत देण्याचं वचन दिलं होतं, आणि गेल्या मे महिन्यात युरोपीय बोटींना आणखी बारा वर्षं मोकळीक देऊन टाकली. इतर व्यापार सुरळीत व्हावा म्हणून प्रत्येक वेळी मासेमारांनीच का किंमत मोजायची? टाळ्या पडल्या. नीलांबरीनेही वाजवल्या. त्याच्या शेवटच्या वाक्यात कळकळ होती, ती खोटी नव्हती.

मग ती उठली. हातातल्या कागदावर पहिलंच वाक्य होतं: मी पुण्याची. तिने ते पाहिलं... आणि कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

“माझा डोंगर म्हणजे समुद्रातला एक किल्ला आहे, सुवर्णदुर्ग,” ती म्हणाली. “माझं पाणी अरबी समुद्र. माझ्या होडीचं नाव जलदेवी, आणि ती माझे वडील चालवतात. माझी माणसं कोळी. मी हर्णैच्या मासेमारांची मुलगी आहे.”

वायरेमूंनी मान किंचित झुकवली. श्रीनाथ खुर्चीत सरळ झाला होता.

नंतरचं तिला शोधावं लागलं नाही. आत्ता या क्षणी जलदेवी वाळूवर ओढून ठेवलेली आहे, तिने सांगितलं. माशांच्या विणीचा हंगाम आहे, सगळ्या गावांच्या बोटी बंद आहेत. समुद्र दोन महिने सगळ्यांनी मिळून सोडलाय, म्हणून पुढचे दहा महिने तो सगळ्यांना पुरतो. एका गावाने पाळलं आणि शेजारच्याने नाही, तर काहीच उरत नाही. कायदा मोडून दिवे लावून समुद्र खरवडणाऱ्या मोठ्या बोटी आमच्याकडेही येतात, आणि माझे वडील त्यांच्याशी भांडतात. पण ज्या गावच्या बोटी पिढ्यान्‌पिढ्या आमच्या जाळ्याशेजारी जाळं टाकत आल्या, त्यांच्याशी ते बसून बोलतात. कारण लुटारू आणि शेजारी यांतला फरक त्यांना कळतो.

ब्रिटिश बोटी जे पकडतात त्यातलं बरंचसं युरोपातच विकलं जातं. ब्रेक्झिटनंतरच्या पहिल्याच जानेवारीत कागदपत्रांपायी खेकडे-शिंपल्यांचे ट्रक अडकले आणि माल वाटेतच खराब झाला. समुद्र आपला, पण गिऱ्हाईक शेजारचं. दार आपटलं तर बोटं आपलीच चिमटतात. आणि हे न्यूझीलंडला कुणी सांगावं? एकोणीसशे त्र्याहत्तरमध्ये ब्रिटन युरोपच्या बाजारात गेलं, तेव्हा इथल्या लोण्याला आणि मटणाला हक्काचं गिऱ्हाईक उरलं नाही. शेजार बदलला की काय होतं, ते तुमच्या आजोबांनी सोसलंय.

“आकड्यांत मासेमार अर्धा टक्काही नसतात,” शेवटी ती म्हणाली. तिने श्रीनाथकडे पाहिलं नाही. “पण व्यापार म्हणजे काय ते मी माझ्या आईकडून शिकले. ती मासे विकते. आज माल घेणारा उद्याही आला पाहिजे, हे ती रोज पहाटे लक्षात ठेवते. ते देशांना कळायला करार लागतात.”

मतांसाठी वर झालेले हात मोजले. ती चार हातांनी हरली.

पण तिला हरल्यासारखं वाटत नव्हतं. छातीत काहीतरी मोकळं झालं होतं. वायरेमू काठी टेकत तिच्यापाशी आले. त्यांनी तिचा हात धरला आणि त्यांच्या रीतीप्रमाणे आपलं कपाळ आणि नाक तिच्या कपाळाला, नाकाला क्षणभर टेकवलं. तुझ्या वडिलांना सांग, ते म्हणाले, रॅग्लनच्या एका म्हाताऱ्या मासेमाराने विचारलंय. मागून सुलेखामावशी आल्या. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाल्या, की मघाशी मी तुझं उत्तर ऐकायला हवं होतं, याचं नाही.

बाहेर पाऊस लागला होता. हॉलच्या दाराबाहेर पत्र्याखाली ती उभी राहिली. श्रीनाथ आला. जिंकल्याची ढाल त्याने कुठेतरी आतच ठेवली होती.

“गाडीत मी जे बोललो...”

“आकडा बरोबर होता.”

“आकडा बरोबर होता, मी चुकीचा होतो.” तो थांबला. “मला सांगितलं का नाहीस?”

मग तिने सांगितलं. पुण्याच्या होस्टेलचं पहिलं वर्ष, आईने बॅगेत दिलेला सुका बोंबील, मैत्रिणींनी नाक दाबून तो पिशवीसकट बाहेर फेकला ते. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी गाव विचारलं, तेव्हा पुणे म्हणाली. दहा वर्षं तेच म्हणत राहिली.

तो एक पाऊल जवळ आला.

“तू बोलत होतीस ना,” तो म्हणाला, “तेव्हा मला माझी खुर्ची उचलून तुझ्या बाजूला येऊन बसावंसं वाटत होतं. अभिमान वाटत होता... आणि मला काय हक्क, असंही वाटत होतं. नीलांबरी, मला तू आवडतेस. हर्णैची. जलदेवीच्या तांडेलाची मुलगी. तू नाही म्हणालीस तरी ऑकलंडपर्यंत सोडेन, पण आत्ता सांगितलं नसतं तर...”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आई. व्हिडिओवर. हर्णैला सकाळ होती. मागे अंगणात बाबा जाळं विणत बसलेले दिसत होते.

“जिंकलीस का गो?”

“नाही आई. हरले.” नीलांबरीने फोन दोन्ही हातांत धरला. “पण सगळ्यांसमोर आपलं नाव सांगितलं. गावाचं, बाबांचं, बोटीचं... सगळं.”

आईने पदराने डोळे टिपले, मागे वळून बाबांना काहीतरी सांगितलं, आणि बाबांचे हात जाळ्यावर थांबले. मग आई पुन्हा फोनजवळ आली. डोळे बारीक करून बघू लागली.

“नि तो मागं कोण उभाय?”

श्रीनाथ चटकन बाजूला सरकला. इतका सरकला, की पत्र्याखालून पार बाहेर गेला. पाऊस सरळ त्याच्या डोक्यावर. तरी तो तसाच उभा, तिच्याकडे बघत.

नीलांबरीने फोन त्याच्याकडे वळवला. बोलली आईशी, पण नजर त्याच्यावर होती.

“हा श्रीनाथ. मला आवडतो, आई.”

पलीकडे आईने त्याला नखशिखांत न्याहाळलं.

“मग भिजवतेस काय त्याला?” आई म्हणाली. “आत घे.”