पाथरवाडीच्या तलावातली रायली

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, पण ही बातमी पावसाच्या कानावर गेलेली दिसत नव्हती. एकीकडं नव्या कचेऱ्यांच्या पाट्या रंगत होत्या आणि दुसरीकडं गल्लोगल्ली पाण्याचे टँकर फिरत होते. अशाच एका सकाळी सरजाबाई नांदेडच्या एस.टी.तून उतरली, स्टँडवर कपभर चहा घेतला आणि विचारत विचारत गंजगोलाईच्या मागं बसवंत अण्णांच्या स्पेअर पार्टच्या दुकानाशी आली.

ती नांदेडच्या दवाखान्यात सिस्टर होती. गाडी घ्यायची तिची ऐपत नव्हती, हौस तर त्याहून नव्हती. तिनं वर्तमानपत्रात जाहिरात वाचली होती: जुनी विलायती रायली, दारं चार पण पळायला शर्यतीच्या गाडीसारखी, नव्यासारखी केलेली, विकणे आहे. सोबत फोटो. त्या फोटोतलं लांब नाक आणि डोळ्यांसारखे दोन मोठे दिवे बघून तिची म्हातारी आई नागुबाई त्यावरून बोट फिरवत राहिली होती. मग म्हणाली, "हीच की गं. जाऊन बघून तर ये. तुझ्या बापाचं काय झालं, ते त्या गाडीलाच ठावं असंल."

सरजाबाईचा बाप मारोती. निजामाचं राज्य गेल्यावर दोन-एक वर्षांनी तो पाटबंधारे खात्याच्या एका इंजिनिअर साहेबाची ही गाडी चालवायचा. पाथरवाडीच्या महारवाड्यातला, गाडीचं चाक हातात धरणारा तो पहिला माणूस. त्याच्या छातीवरचा पितळी बिल्ला बघायला पोरं मागं मागं धावत. एका पावसाळ्यात आभाळ फाटलं. साहेब मुरुडच्या बंगल्यावर झोपलेले होते. सकाळी उठून बघतात तर दारात गाडी नाही आणि गाडीवाला नाही. त्या दिवसापासून मारोती चोर झाला. नागुबाई चोराची बायको, सरजा चोराची पोर. पाणवठ्यावर बायका घागर बाजूला ओढून घ्यायच्या. शेवटी नागुबाईनं पोरीचा हात धरला आणि नांदेड गाठलं. पुढं तिथं दीक्षा घेतली, पोरीला शिकवलं, पण बांगड्या काही फोडल्या नाहीत. ज्याचं मढं बघितलं नाही त्याला मेला कसं म्हणायचं?

बहात्तरच्या दुष्काळात पाथरवाडीचा तलाव तळाला गेला आणि गाळात रुतलेली गाडी वर आली. आत कुणी नव्हतं. लोक म्हणाले, गिऱ्हाईक मिळालं नसंल, गाडी ढकलून दिली आन् गेला मुंबईला दुसरा घरोबा करून. ते भंगार सरकारी लिलावात बसवंत अण्णांनी उचललं होतं.

अण्णांनी ताडपत्री ओढली. बाटलीच्या काचेसारखा गडद हिरवा रंग, काळं टप, आत लाकडी फळी, लाल चामड्याच्या गाद्या. दहा वर्षं खपून अण्णांनी एकेक खिळा जमवला होता. हैदराबादच्या भंगारबाजारात ते या गाडीपायी चपला झिजवून आले होते.

"अशी दुसरी मराठवाड्यात न्हाई, सिस्टर," अण्णा म्हणाले. "एका चावीत उठते. बसून तर बगा."

सरजाबाईनं चालकाच्या बाजूचं दार उघडलं. बाहेर ऊन भाजून काढत होतं आणि आतून मात्र ओल्या गाळाचा, कुजक्या शेवाळाचा वास अंगावर आला. तिनं गादीला हात लावला. गादी ओली होती.

"धुतली का आज?"

अण्णा ताडपत्रीची घडी घालत राहिले. ओट्यावर त्यांची बायको जगदेवी धान्य निवडत होती, तीच बोलली. "धुवायला पाणी कुठं हाय, अक्का? प्यायला मिळंना. ती गादी रोज तशीच ऱ्हाती. म्हणून तर मी म्हणती, काढा ही अवदसा घरातून."

"आन् गिऱ्हाईकं?"

"येतात," अण्णा खाली बघत म्हणाले. "चालवायला घेऊन जातात. मुरुडच्या रस्त्याला लागली की स्टेरिंग डावीकडं वढतं. मी सगळं खोलून बगितलं, कायबी दोष न्हाई. पण ती तलावाकडंच वळती. एकजण तर दार उघडून पळत सुटला, त्याची चप्पल अजून गाडीतच हाय."

सरजाबाईनं ओला हात पदराला पुसला. मग शांतपणे सांगितलं, "अण्णा, मी मारोती ड्रायव्हरची लेक. मला घेऊन चला. तिला जिकडं वळायचं तिकडं वळू द्या."

अण्णांनी तिच्याकडं टक लावून बघितलं. गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला आणि चावी घेतली.

मुरुडच्या रस्त्याला लागेपर्यंत गाडी लोण्यासारखी चालली. दोन्ही बाजूंना करपलेली रानं. बाभळीखाली जनावरं माना टाकून उभी होती. भर दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पाथरवाडीचा फाटा आला आणि अण्णा हळूच म्हणाले, "बगा आता..."

त्यांनी चाकावरचे हात उचलले. चाक सावकाश डावीकडं फिरलं. झटका नाही, घाई नाही. वाट पाठ असलेल्या माणसानं फिरवावं तसं. गाडी कच्च्या वाटेला लागली, बांधाच्या उतारावरून खाली उतरली आणि तलावाच्या कोरड्या पोटात शिरली. जमिनीला पडलेल्या भेगा चाकाखाली करकरत होत्या. सरजाबाईला भीती वाटत होती, पण त्या भीतीतही तिच्या एक लक्षात आलं. खड्डा आला की गाडी आपसूक हळू व्हायची. मागं कुणी झोपलेलं असावं, अशा बेतानं ती चालली होती.

बांधाच्या पायथ्याशी गाळाचा एक उंचवटा होता. त्याच्यासमोर गाडी थांबली. इंजिन आपोआप बंद पडलं. आणि भर उन्हात तिचे दोन्ही दिवे लागले.

"मी बटनाला हात न्हाई लावला..." अण्णांनी दोन्ही हात वर करून दाखवले.

दिव्यांचा उजेड उन्हात दिसायला नको होता. तरी तो दिसत होता, पिवळा, पावसात भिजल्यासारखा थरथरता, बरोबर त्या उंचवट्यावर पडलेला. गाडीत कुठंतरी थेंब थेंब पाणी गळत होतं. आणि मग जमिनीच्या पोटातून आवाज आला.

ठण्...

लोखंडावर लोखंड आपटावं तसा. थोडं थांबून पुन्हा. ठण्...

तलावात गाळ काढायचं दुष्काळी काम चालू होतं. जेवणाच्या सुट्टीत बाया-माणसं पलीकडं बाभळीखाली टेकली होती. गाडी बघून त्यांचा मुकादम केरबा तरातरा आला. साठीचा, पाथरवाडीचाच माणूस.

"ओ अण्णा, परत आनली का ही बला?" मग त्याची नजर सरजाबाईवर गेली. तो डोळे बारीक करून बघत राहिला. "तू... मारोत्याची का? चोराची पोर?"

एवढी वर्षं झाली होती. दवाखान्यात डॉक्टरसुद्धा तिला 'सरजाबाई' म्हणत. पण तो शब्द ऐकला आणि ती पुन्हा पाणवठ्यावर रिकामी घागर घेऊन उभी राहिली. तरी ती गाडीतून उतरली आणि त्याच्यासमोर ताठ उभी राहिली.

"हाव. मारोतीचीच. केरबा मामा, जरा कान देऊन ऐका. मग काय म्हणायचं ते म्हणा."

ठण्...

केरबा गुडघ्यावर बसला, जमिनीला कान लावला, आणि चटका बसल्यासारखा उठला. "हितं... हितं जुनी मोरी होती," तो पुटपुटला. "तलावाचं पाणी खाली सोडायची. बांधाएवढ्या उंच दगडी हौदात उतरून लोखंडी चाक फिरवायचं, मग दार उघडायचं. त्याच पुराच्या साली ढासळली आन् गाळानं बुजली. म्हणून तर सरकारनं पलीकडं नवी बांधली."

"खोदा," सरजाबाई म्हणाली.

"आमाला त्याचा हुकूम न्हाई."

तिनं पदर खोचला, पडलेला टिकाव उचलला आणि पहिला घाव स्वतः घातला. काळा गाळ दगडासारखा झाला होता. ती घाव घालत राहिली. बाभळीखालच्या बाया उठून आल्या. एकीनं मुकाट्यानं घमेलं भरलं, दुसरीनं ते उचललं. मग अण्णांनी सदरा काढून गाडीवर ठेवला आणि फावडं घेतलं. सगळ्यात शेवटी केरबानं टिकाव हातात घेतला. तो घाव घालायला लागला तसा खालचा आवाज थांबला.

उन्हं कलायच्या आत दगडी हौदाची कड लागली. दुसऱ्या दिवशी अख्खी पाथरवाडी खोदायला लोटली, पोलीस पाटीलही आला. हौदाची वरची भिंत आत ढासळली होती. तिच्या दगडाखाली, घट्ट काळ्या चिखलात, एक माणूस लोखंडी चाकाला मिठी मारून बसलेला होता. आता नुसती हाडं. छातीच्या जागी हिरवा पडलेला पितळी बिल्ला.

केरबा चाकाजवळ गेला. त्यानं दाराचा लोखंडी गज बघितला, हात फिरवून बघितला आणि लोकांकडं वळला.

"पूर्ण उघडलंय..." तो म्हणाला. "बायांनो, दार पूर्ण उघडलंय ह्यानं."

पुढचं कुणाला सांगावं लागलं नाही. त्या रात्री पाणी बांधावरून सांडायला लागलं होतं, हे गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला आठवत होतं. लोक पोरंबाळं घेऊन घरांच्या धाब्यावर चढले होते. बांध फुटला असता तर पाथरवाडीचं नाव राहिलं नसतं. आणि पहाटे पाणी आपोआप उतरलं होतं. देवाची कृपा म्हणून गावानं नारळ फोडले होते. ती कृपा इथं बसली होती. साहेबाबरोबर हिंडून मारोतीला मोरीची माहिती होती. पावसाचा जोर बघून तो गाडी घेऊन निघाला, उतारावर गाडी उभी करून दिवे मोरीवर टाकले आणि त्या उजेडात खाली उतरला. दार उघडलं, पाण्याचा लोंढा सुटला, भिंत कोसळली. खचल्या उतारावरून गाडीही त्याच्यामागं पाण्यात गेली.

"त्या पुरात मी धाब्यावर होतो," केरबा म्हणाला. त्यानं डोक्याचं मुंडासं काढलं आणि सरजाबाईच्या पायाशी ठेवलं. "माझी म्हातारी, माझी धाकटी भैन, समदे होते. आन् आमी तुमाला पाणी भरू दिलं न्हाई..."

सरजाबाईनं मुंडासं उचलून परत त्याच्या हातात दिलं. कितीतरी वर्षांनी तिला वाटलं, आपली मान आपोआप वर उचलली गेलीय.

नागुबाईला आणायला अण्णा स्वतः रायली घेऊन नांदेडला गेले. जगदेवीनं आपल्या हातानं गाडीला झेंडूच्या माळा घातल्या. फाट्यावर गाव जमलं होतं. हलगी वाजत होती. ज्या पाणवठ्यावरून नागुबाईला हाकललं होतं, तिथल्या बाया पायावर पाणी घालायला भरल्या घागरी घेऊन उभ्या होत्या, तेही त्या टंचाईत. म्हातारी मागच्या गादीवर राणीसारखी बसली होती. पाटलाचा नातू गाडीपुढं ओरडत चालला होता, "मारोती ड्रायव्हरचा विजय असो!" आणि सगळं गाव मागून साद देत होतं. नव्या जिल्ह्याचे साहेब आले, त्यांनी हार घातला. भंतेजींनी त्रिशरण म्हटलं. त्या दिवशी गाडीची गादी कोरडी ठणठणीत होती, आणि पुढं हैदराबादच्या एका शौकीनानं ती नेली तेव्हा मुरुडच्या रस्त्यावरून ती सरळ नाकासमोर गेली. फाट्याकडं तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही.

त्याच दिवशी मूठमाती द्यायच्या आधी नागुबाई म्हणाली, "मला एकदा त्याचा हात हातात घेऊ द्या."

चाकापासून हात सोडवताना उजव्या मनगटाभोवतीचा चिखल सुटलाच नव्हता. तो गोळा तसाच ठेवला होता. सरजाबाईनं तो परातीत घेतला. खोदलेल्या हौदात आता झरा लागला होता, त्याचं पाणी केरबानं आणून दिलं. नागुबाई हळूहळू पाणी घालत गेली. माती विरघळली. काळी पडलेली बोटं दिसली, मनगट दिसलं. म्हातारीनं त्यावरून हात फिरवला आणि थांबली.

"सरजे... ह्याला कुणी धरलंय गं?"

सरजाबाई वाकली. मारोतीच्या मनगटाला खालून दुसऱ्या कुणाचा तरी हात घट्ट वेटोळून बसला होता. पाचही बोटं जिथल्या तिथं. त्या हाताला मनगटाच्या वर काहीच नव्हतं.

"केरबा मामा," तिनं आवाज न चढवता विचारलं, "त्या पुरात आणखी कोण गेलं होतं?"

"कुणीच न्हाई. आसपासच्या गावांतबी न्हाई. मारोती सोडून एकबी माणूस कमी झाला नव्हता..."

तिनं ती बोटं सोडवायचा प्रयत्न केला. ती सुटेनात. नागुबाईनं तिचा हात बाजूला सारला आणि दोन्ही हात तसेच पांढऱ्या कापडात गुंडाळले. "असू दे," ती म्हणाली. "इतकी वर्षं सोबत केली म्हणायची."

गाव जयजयकार करत होतं. सरजाबाईनं मूठभर माती घेतली, पण टाकताना तिचा हात अडखळला. गाळात इतकी वर्षं राहून बापाचं हाड न् हाड कोळशासारखं काळं झालं होतं.

तो दुसरा हात पांढराशुभ्र होता, कालच कुणी येऊन धरल्यासारखा.