अवनीच्या मागची नबिला

अवनी पुन्हा गवतावर आपटली आणि या वेळी लगेच उठलीच नाही.

"ऊठ ना," तन्मय धापा टाकत म्हणाला. "अंपायर बघतोय."

"बघू दे. खलास. आजची माझी शेवटची मॅच. आईला सांगितलंय मी, बाबाला अजून नाही."

तन्मय तिचा धाकटा भाऊ. एरवी तो काहीतरी चिडवून मोकळा झाला असता, पण त्याला आज तेवढाही उत्साह नव्हता. अवनी ही त्यांच्या टीमची सगळ्यात भारी खेळाडू. तीच गेली तर उरलं काय?

दोन हातांवर नबिला उभी होतीच. दुबईशेजारच्या अजमानच्या टीमची ही उंच, शांत मुलगी सुरुवातीपासून अवनीला चिकटली होती. अवनी बुटाची नाडी बांधायला वाकली तरी ही शेजारी. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये, जिथे बॉल हातातही धरता येतो, याला टॅग करणं म्हणतात. समोरच्या टीमचा सगळ्यात चांगला खेळाडू हेरायचा आणि आपला एक खेळाडू कायमचा त्याच्या मागे सोडायचा. आपल्याला बॉल नाही मिळाला तरी चालेल, त्याला मिळता कामा नये. काम कंटाळवाणं, पण समोरच्याला अगदी जीव नकोसा होतो.

अवनीला झालाच होता. डिसेंबरच्या सुट्टीत अजमानशी आधी दोन मॅचेस झाल्या होत्या, आणि दोन्हींत तिच्या हाताला बॉल जेमतेम लागला होता. सुट्टी म्हणजे आराम, असं म्हणणाऱ्यांनी एकदा दुबईच्या मैदानावर दुपारी येऊन धावून बघावं.

"एक गोष्ट विचित्र आहे," राहिल म्हणाला. राहिल अवनीच्या टीममधला आणि वर्गातलाही, दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या शाळेतला, मूळचा रत्नागिरीकडचा. "टॅगर मागे असतो ना? ही तुझ्या पुढे असते. तू वळायच्या आत ती तिथे पोचलेली असते."

"मग? माइंड रीडिंग करते?"

"काहीतरी करते."

तेवढ्यात बाउंड्रीवरून आवाज आला, "अवनी, डाव्या खांबाकडे! बॉल तिकडेच येणार!"

हा बाबा. प्रकाशरावांनी हा खेळ आयुष्यात खेळला नव्हता, पण व्हिडिओ बघून बघून त्यांना तो चांगलाच कळायला लागला होता. त्यांचा अंदाज सहसा चुकायचा नाही, हीच तर पंचाईत होती. अवनी डाव्या खांबाकडे धावली. बॉल तिकडेच आला. आणि नबिलाने तो हाताच्या फटक्याने बाहेर घालवला.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये प्रकाशरावांना ऑफिसचा फोन आला. "हां हबीबी, टेल मी," म्हणत ते पार्किंगकडे गेले, आणि मैदानावर जरा शांतता झाली. अवनीने पहिल्यांदाच कुणाचंही न ऐकता बॉल कुठे पडेल ते बघितलं आणि सुटली. नबिला या खेपेला खरोखरच मागे राहिली. अवनीने चार खांबांपैकी मधल्या दोन उंच खांबांतून बॉल मारला. गोल, म्हणजे सहा पॉइंट. जरा वेळाने आणखी सहा.

मग फोन संपवून प्रकाशराव परत आले, आणि नबिलाही पुन्हा अवनीच्या पुढे धावायला लागली.

हाफ टाइमला राहिल पाणी प्यायचं सोडून उभाच राहिला. "ती अवनीकडे बघतच नाही. तिचे कान काकांकडे असतात."

"बाबा तर मराठीत ओरडतो," तन्मय म्हणाला.

"तेच बघून येतो."

बॉल आणायचं निमित्त करून तो अजमानच्या तंबूपाशी गेला. तिथे नबिलाची आई, रशीदा, बाटली घेऊन लेकीच्या मागे लागली होती. "पानी पी गो, पोरी. किती धावतेस!"

राहिल परत आला तेव्हा त्याला हसू आवरत नव्हतं. "आमच्याकडचेच आहेत. तिला सगळं कळतंय. काका आपली आख्खी मॅच तिला वाचून दाखवतायत!"

अवनीने डोक्यावरून टॉवेल घेतला. हसावं की रडावं तेच तिला कळेना. "मला वाटलं मला खेळताच येत नाही," ती हळूच म्हणाली. "दोन आठवडे मला झोप नाही रे नीट."

तन्मयने बाबाला गाठलं. "बाबा, तू ओरडू नकोस ना. त्यांना कळतं."

"वेडा आहेस का? इथे मराठी कुणाला कळतंय?"

"काका, मला कळतं की," राहिल म्हणाला.

"तू आपला आहेस रे. यल्ला, पळा आता."

मोठ्या माणसांना सांगून काही होत नाही, हे तिघांनाही पाठ होतं. मग त्यांनी सांगायचा नाद सोडला.

"ओरडू दे त्याला," अवनी म्हणाली. "तो म्हणेल तिकडे मी जाईन. नबिला माझ्याबरोबर येईल. तुम्ही बॉल दुसरीकडे मारा."

त्यांनी उरलेल्या टीमलाही सांगून ठेवलं.

"अवनी, उजवीकडे!" बाबा ओरडला. अवनी उजवीकडे गेली, नबिला तिच्या आधी गेली, आणि राहिलने बॉल डावीकडे तन्मयला दिला. तन्मयसमोर कुणीच नव्हतं. गोल.

"अरे, तिकडे कशाला मारतोस? अवनी मोकळी होती!" बाबाचा घसा बसत चालला होता. अवनी मोकळी वगैरे अजिबात नव्हती. ती नबिलाला घेऊन मैदानभर फिरत होती, आणि दोघी सारख्याच दमल्या होत्या.

शेवटी स्कोअर सारखा झाला. बॉल उंच उडाला.

"मागे ये, अवनी! मागे!"

नबिला मागे सरकली. अवनीचे पायही सवयीने मागे वळले होते. पण तिला बॉल दिसत होता, तो पुढे पडणार होता. ती पुढे धावली, हवेत उडी मारून तिने तो झेलला, आणि शांतपणे खांबांमधून मारला.

शिट्टी झाल्यावर रशीदा सरळ प्रकाशरावांकडे आली. "भाऊ, तुमचे लई उपकार हां. तीन मॅच आम्हाला कोचची गरजच लागली नाही."

प्रकाशरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"मला सर म्हणाले होते, हिला सोडायचं नाही," नबिला अवनीला म्हणाली. "पण आज तूच मला फिरवलंस. पाय गेले माझे."

"माझे पण," अवनी म्हणाली, आणि दोघी तिथेच बसल्या.

अवनीच्या टीमचे कोच हमदुल्ला मेलबर्नमध्ये वाढलेले, बोलायचे हिंदीत. तिघांची आयडिया ऐकून त्यांनी आधी डोक्याला हात लावला. "टॅगरसे लडना नहीं, उसको घुमाना। ये मैं तुमको अगले साल सिखानेवाला था." आणि त्यांनी नबिलाशीही हात मिळवला.

गाडीपाशी बाबा बराच वेळ किल्ली चाचपत राहिला. "आई म्हणाली, तू सोडणार आहेस. मला का नाही सांगितलंस?"

"तू ओरडत असतोस ना, बाबा, तेव्हा मला माझं काही सुचतच नाही. मग सांगू कधी?"

बसलेल्या घशाने बाबा म्हणाला, "शेवटचा गोल... मी मागे ये म्हणालो होतो. चुकलंच माझं. तू बरोबर होतीस."

अवनीने बूट काढून मागच्या सीटवर टाकले. इतकी थकली होती, तरी आज तिला रडू येत नव्हतं.

"शनिवारी प्रॅक्टिस आहे," ती म्हणाली. "सोडशील मला?"

"सोडेन. आणि मी गाडीतच बसेन."

"बाहेर ये की. नुसता बघ."