पट्टीखालची पांढरी माती

उभ्या लातुरात मला घाबरवणारं भूत अजून जन्मलं न्हाई. काल पाल अंगावर पडली तर स्टुलावर चढून बसलो, ते सोडा. पोरांनो, क्लासच्या नोट्स मिटा. लाईट येईस्तोवर ऐका. खरी गोष्ट हाय.

२०१८ साल, एकोणतीस सप्टेंबर. आमच्या सिद्रामप्पाला रात्री आठला डबा घेऊन गेलो. दवाखान्यामागं खोली घेतली होती त्यानं. किल्लारीकडचा माणूस. त्र्याण्णवच्या भूकंपात बायको, साखराबाई, पांढऱ्या मातीच्या भिंतीखाली गेली. तेव्हापासून जरा काही हललं की हा जेवणावरनं उठून अंगणात. मी मुद्दाम खुर्ची हलवायचो. हा पळायचा, मी हसायचो.

ऑपरेशन करून त्याच्या डोळ्यात मेलेल्या माणसाच्या बुबुळाचा पापुद्रा बसवला होता, कांद्याच्या सालीहून पातळ. त्याला दाबून धरायला आत नुसता हवेचा बुडबुडा. डॉक्टरांनी बजावलं होतं, दोन दिवस उताणं पडा, तोंड छताकडं. उठलात की पापुद्रा सुटला. दुसरा डोळा आधीच गेलेला.

पडल्या पडल्या ताकातल्या कण्या चारल्या. हनुवटीवरून ओघळल्या, कानात गेल्या. आंबूस वास मारत होता. शिसारी आली. 'येतो अप्पा' म्हणालो, अन् थेट घरी.

पहाटे तीन छप्पन. भूकंपाचीच वेळ.

खाट हलली.

अप्पा उठला न्हाई. डॉक्टरचं आठवलं. दात आवळून पडून राहिला.

पुन्हा हलली. लई जोरानं. ह्या वेळी मात्र मी... न्हाई, ते जाऊ द्या.

मग उशाशी बाईचा आवाज.

'उठा. भिंत आली.'

साखराबाईचा.

उठला. पळाला. उंबऱ्यात आपटला...

सकाळी डॉक्टरांनी पट्टी सोडली. चिकटपट्टी चारी बाजूंनी जशीच्या तशी. खाली पिवळं पाणी, बोटाला तार धरणारं. बॅटरी मारली तर पापुद्रा आत सुटून लोंबत होता, नासक्या दुधावरच्या सायीसारखा. अन् पापणीच्या आत... माती. ओली. पांढरी. तिच्यात भुश्शाची एक काडी.

मी बघितली.

पोरं एकमेकांच्या जवळ सरकली. वरच्या खोलीतली शिवांगी तेवढी माझ्याकडं बघून राहिली.

"आबा, अप्पांच्या डोळ्याला पट्टी. तुम्ही तर घरी. मग तीन छप्पन कुणी बघितले? अन् पहिल्यांदा खाट हलवायला खाली कोण होतं?"