उन्हातली स्वच्छ काच

धनलक्ष्मीबाईंनी स्टीलचा डबा टेबलावर ठेवला, तेव्हा आत शेंगाचटणी असेल असं बाळासोंना वाटलं. त्यांनी झाकण उघडलं आणि तसंच पुन्हा लावलं. आत मेलेला मासा होता.

"पोलिसांनी हसून परत पाठवलं," धनलक्ष्मीबाई म्हणाल्या. "आता एकच उरलाय. तोही गेला, तर आमचे अप्पाही जातील. कालपासून अन्नाला शिवलेले नाहीत."

राजनंदिनी खासगी गुप्तहेर होती. बाळासो तिचे सोबती. ते निवृत्त हवालदार, चालीनं सावकाश आणि विचारानं त्याहून सावकाश. तिनं डबा उघडून मासा नीट पाहिला आणि चपला पायात सरकवल्या.

रिक्षात बाकीची हकिगत कळली. अप्पा म्हणजे धनलक्ष्मीबाईंचे सासरे शिवलिंगप्पा. त्यांच्या पत्नी सुंदरम्मा गेल्या वर्षी वारल्या. जाण्याआधी त्यांनीच काचेची पेटी आणून मासे पाळले होते. सोनेरी माशाला त्या तंगी म्हणत. कन्नडमध्ये धाकटी बहीण. लिंगायताच्या घरात मासे आले म्हणून भावकीनं चेष्टा केली, तर त्या म्हणाल्या होत्या, खायचे नाहीत म्हणून बघायचेही नाहीत का?

आता उरलेला मासा म्हणजे ही तंगी. आणि घरकाम करणारी रुक्साना पाण्यात विष कालवते, असं अप्पांच्या मनानं घेतलं होतं. पेटीत हात घालणारी ती एकटीच. सकाळीच तिला उंबऱ्याबाहेर काढलं होतं.

पूर्वी सोलापुरात घरोघरी दगडी हौद असत आणि हौदात दोन मासे सोडलेले असत. पाण्याला काही झालं की मासे आधी सांगत. ते हौद बुजले आणि अंगणात निळे बॅरल आले.

पेटी पश्चिमेच्या खिडकीशी होती. दुपारचं ऊन थेट समोरच्या काचेवर पडलं होतं, आणि काच आरशासारखी लख्ख. मागे पाणी गाळणारी पारदर्शक डबी लटकत होती. तिच्यावर आणि तिच्या नळीवर राखी कापडाचं शिवलेलं टोपडं होतं. टोपड्याची कड पाण्यात भिजत होती. शिवणीच्या दोऱ्यांत फिकट निळसर झाक होती. तंगी कोपऱ्यात कलंडून पाण्यावर तोंड काढत होती.

रुक्साना पायरीवर बसलेली होती. बाळासोंनी फिनेलबद्दल विचारलं.

"साहेब, मैं कायकू मारूं? फिनेलची बाटली त्या खोलीत नेतच नाही मी."

मग तिनं आपणहून सांगितलं. आधी पेटीतल्या गोगलगाई मेल्या, मग बारके मासे. तिनं पाणी बदललं की तंगी तरतरीत व्हायची आणि पुन्हा मलूल पडायची. एक मात्र बरं झालं होतं. पूर्वी काचेवरचं हिरवं शेवाळ सारखं घासावं लागे. अप्पांनी टोपडं घातल्यापासून काचेला हात लावावा लागला नव्हता.

कोपऱ्यावरच्या शोभेच्या माशांच्या दुकानातून दुकानदार गौसला बोलावून आणलं. तो गडबडून गेला होता. उन्हानं डबीत आणि नळीत शेवाळ धरतं, पाणी तुंबतं, म्हणून डबी झाकायला त्यानंच सांगितलं होतं. काळं प्लास्टिक लावा, रंगीत कापड नको, रंग उतरतो, असंही म्हणाला होता. शेवाळ मारायचं औषध त्याच्याकडे होतं, पण या घरात ते कुणी नेलं नव्हतं.

धनलक्ष्मीबाईंना राजनंदिनीनं सरळ विचारलं, तुम्हाला पेटी नकोशी होती का?

"होती," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? पण म्हाताऱ्याला जगवायला तेवढीच आहे की."

अप्पा खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. प्लास्टिक सोडून कापड का घातलं, ते राजनंदिनीनं विचारलं.

"प्लास्टिक पिशवीगत दिसतं," ते म्हणाले. "हे सुंदरम्माच्या हातचं आहे. मोहोळच्या बागेतल्या डाळिंबांना ऊन लागू नये म्हणून झाडांवर घालायला शिवलेलं. बाग विकली, तेवढं एक राहिलं. गौस म्हणाला तसं बिनरंगाचंच घेतलं. पिळूनही घेतलं होतं."

राजनंदिनी उठली. "बॅरलमधलं पाणी बादलीत आणा. तंगीला आधी बाहेर काढा."

रुक्सानानं बादली आणली. तिला उंबऱ्याच्या आत यायला कुणी अडवलं नाही. अप्पाही खुर्ची सोडून आले. सगळे बादलीभोवती उभे राहिले.

"बाळासो, टोपड्याची सावली कुठं पडते?"

"डबीवर. नळीवर."

"आणि समोरच्या काचेवर?"

"तिथं तर ऊन आहे." बाळासोंनी काचेवरून बोट फिरवलं. "पण शेवाळ नाही."

"सावलीनं डबीतलं शेवाळ जाईल. उन्हातल्या काचेवरचं कसं गेलं? ते सावलीनं मेलं नाही. पाण्यात काहीतरी उतरतंय. त्यानं शेवाळ मेलं, मग गोगलगाई, मग मासे. पेटीत भरतात ते बॅरलचं पाणी तर घरात सगळेच पितात, त्यात दोष नाही. आणि कुणी एकदा औषध ओतलं असतं, तर पाणी बदलल्यावर तंगी सुधारली असती आणि सुधारलेलीच राहिली असती. ती पुन्हा पडते, म्हणजे विष पेटीतच बसून आहे. रुक्साना पाणी बदलत होती, म्हणूनच ही आजवर जगली."

तिनं काठीनं टोपडं उचललं आणि शिवण उलटी केली. "डाळिंबावर तेल्या रोग पडू नये म्हणून काय फवारतात?"

"निळा मोरचूद आणि चुना," बाळासो म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. "आमच्या गावात हौदाला शेवाळ धरलं की मोरचुदाची पुरचुंडी सोडायचे. मासे मरून वर यायचे."

"दरेक हंगामात हे कापड फवारलेल्या झाडावर होतं. एका पिळण्यानं त्यातला मोरचूद जात नाही, शिवणीत ही निळी झाक अजून आहे. गौसनं रंगाचं सांगितलं, अप्पांनी बिनरंगी निवडलं. कापड आधी काय प्यायलंय, हे कुणीच विचारलं नाही."

"म्हणजे मीच," अप्पा म्हणाले.

गौसनं काळं प्लास्टिक कापून डबीच्या बाहेरून बसवलं, पाण्याला कुठंही लागणार नाही असं. तोवर रुक्सानानं पेटीतलं सगळं पाणी उपसलं होतं. अप्पांनी टोपडं हातात घेतलं, घडी घातली, पण कुठं ठेवावं ते त्यांना सुचेना. धनलक्ष्मीबाईंनी ते घेऊन कपाटात वरच्या फळीवर ठेवलं.

बादलीत तंगी आडवी होती. कल्ला मधूनच हलत होता.

अप्पा बादलीशी खाली बसले. रुक्सानाकडे त्यांना बघवत नव्हतं.

"उद्या येशील ना?"

"उद्याचं उद्या," रुक्साना म्हणाली. "आज जाते कुठं मी? हिचं पाणी बदलायचंय अजून. तुम्ही तेवढ्यात दोन घास खाऊन घ्या."