दक्षकुपीची खरी मालकीण

चौबळ सर सकाळी बॅडमिंटन खेळायला गेले, की शर्वाणी हातमोजे चढवी, त्यांच्या पांढऱ्या कोटाची डावी बाही उलटी करी आणि आतून मलमाचं एक बोट फिरवी. गेल्या दोन वर्षांत दुसऱ्या कशानेच तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

दक्षकुपी तिची होती. संशोधन केंद्राचे प्रमुख डॉ. हेरंब चौबळ यांनी ती खुशाल स्वतःच्या नावावर खपवली. त्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन कमी बनायचं, म्हणून पहिली कुपीही त्यांनी आपल्याच डाव्या दंडात, कोपराच्या जरा वर, बसवून घेतली. कोणी आलं की सुरू व्हायचे, "इंजेक्शनं नकोत, रोज खांद्याला मलम चोळणं नको. माझी कुपी कातडीखाली बसते, भोवतालच्या द्रवातलं प्रमाण मोजते आणि उणं पडेल तेवढंच सोडते." मग शर्वाणीकडे बघून हसत, "देवस्थळीबाईंची मदत झाली हो, चहापाण्याची!"

ते हसू तिच्या डोक्यात गेलं होतं.

पाहुण्यांना दंडावरचा व्रण दाखवता यावा म्हणून सर कोटाखाली अर्ध्या बाहीचा शर्ट घालत. त्यामुळे बाहीतलं टेस्टोस्टेरॉनचं मलम नेमकं कुपीवरच्या कातडीला लागे. ते इतकं थोडं, की बाकीच्या शरीराला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. कुपीला मात्र भोवती सुकाळ दिसे आणि ती तोंड मिटून बसे.

दोन महिन्यांत सरांचा सगळा तोरा उतरला. परीक्षक समितीसमोर ते घामेजून, खांदे पाडून बसले होते.

"रक्तात टेस्टोस्टेरॉन तळाला गेलंय आणि कुपी काठोकाठ भरलेली," अध्यक्ष डॉ. नफीसा तांबोळी म्हणाल्या. "म्हणजे तुमच्या कुपीला कमतरता कळतच नाही. असली वस्तू रुग्णांच्या अंगात घालायची? प्रकल्प बंद."

मागच्या रांगेत शर्वाणी मनातल्या मनात नाचत होती. भोगा आता!

चौबळ सर उठले. "मॅडम, खरं सांगतो. कुपी माझी नाहीच. आराखडा, जुळणी, सगळं देवस्थळीबाईंचं. मी बापडा विश्वास ठेवून बसलो."

सगळ्यांच्या माना वळल्या. याच वाक्यासाठी ती दोन वर्षं तळमळली होती. मेल्याने ते दिलं, पण कुपीचं मढं झाल्यावर!

"तुमची आहे ही?" तांबोळींनी विचारलं.

"हो." शब्द आपसूक निघून गेला.

"मग कुपीत दोष आहे, हे मान्य आहे तुम्हाला?"

मान्य केलं, तर मलमाचं बिंग न फुटता ती सुटत होती आणि कुपी कायमची मरत होती. चौबळ सर तिच्याकडे चक्क कीव आल्यासारखे बघत होते.

"दोष नाही," ती उभी राहिली. "कुपी चोख चालली."

"मग गप्प का बसली?"

"तिला रोज बाहेरून मलम मिळत होतं म्हणून. मी लावत होते, सरांच्या कोटाला आतून," शर्वाणी म्हणाली. "माझं काय करायचं ते करा. पण आधी नोंदवून घ्या, कुपी माझी आहे."