भिंतीकडची बाजू

चादर बदलणं म्हणजे तसं काही मोठं काम नव्हे. पण अंथरुणावरचा माणूस डाव्या अंगाने लुळा असला की त्यालाही कसब लागतं. काकूंनी ते वर्षभरात कमावलं होतं. काकांना कुशीवर करायचं, जुनी चादर गुंडाळत त्यांच्या पाठीशी आणायची, तिला लागून नवी पसरायची आणि मग त्यांना त्या वळकटीवरून अलगद पलीकडे घ्यायचं. खाली हवेची गादी होती, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून भाड्याने आणलेली. तिची मोटर दिवसभर घुमत असे आणि कप्पे आळीपाळीने फुगत, बसत.

त्या दुपारी पडदे ओढलेले होते. खोलीत औषधाचा आणि फिनेलचा वास कोंडला होता. नवी चादर खोचून काकू सरळ झाल्या आणि जागीच थबकल्या.

काकांचा डावा हात हलत होता!

बोटं जुळवून, तळवा जरा खोलगट करून तो भिंतीकडच्या रिकाम्या गादीवर थोपटत होता. लेकराला झोपवावं तसा.

"अहो! हात! तुमचा हात हलतोय!" काकूंना हसू की रडू कळेना. त्यांनी आनंदाने गिरकीच घेतली.

काकांचे शब्द आजारपणापासून अडखळत येत. "अगं... मी नाही हलवत."

"मग काय शेजारचे येऊन हलवतात? थट्टा पुरे!"

व्यायाम करून घेणारी ताई आली, तीही उडालीच. "काकू, आता पार्टी पाहिजे! हातात चांगला जोर आलाय. पकड आली ना, की काठी देऊन उभं करू काकांना." तिने त्या तळव्यात रबरी चेंडू ठेवला. हाताने तो भिरकावून दिला आणि पुन्हा थोपटायला लागला. "लाडावलाय नुसता!" ताई हसली. "उद्या मात्र हे थोपटणं बंद करून चेंडूच दाबायला लावा. नको ती सवय लागायची."

काकूंच्या डोळ्यांपुढे काका न्हाणीघरापर्यंत आपल्या पायांनी चालत गेलेसुद्धा. रात्री आनंदाने डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दुपारी त्या चेंडू घेऊन बसल्या. हात थोपटतच होता.

"थांबवू नकोस..." काका कुजबुजले. "ते झोपलंय."

"कोण झोपलंय?"

काकांनी नुसती नजर वळवली. हाताखालची गादी एवढीशी दबलेली होती. मोटर चालू होती, आजूबाजूचे कप्पे फुगत होते, पण तान्ह्या मुलाएवढा तो खळगा काही केल्या भरत नव्हता.

काकूंच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण काठी धरून उभे राहिलेले काका त्यांच्या मनातून हलेनात. काकूंनी तो हात घट्ट धरला, उबदार होता तो, आणि चेंडू बोटांत कोंबला.

थोपटणं थांबलं. खळगा हळूहळू वर आला, कुणी उठून जावं तसा. त्याबरोबर हात गार पडला. चेंडू घरंगळत पलंगाखाली गेला.

काकूंनी तो हात चोळला, तेल लावलं, छातीशी धरला. काही नाही. पहिल्यासारखा ओंडका.

"असं नका ना करू," त्या रडकुंडीला आल्या. कुणाला म्हणत होत्या, त्यांनाच माहीत नव्हतं. मग त्या काकांवरून वाकल्या आणि भिंतीकडची गादी स्वतःच थोपटू लागल्या.

"ये रे बाळा... ये, झोप इथे..."

"अगं, नको... नको बोलावू..."

मोटर चालू असताना गादी बसू लागली. आधी उशीपाशी. मग कमरेशी. मग पार पायथ्यापर्यंत... चांगल्या उंच्यापुऱ्या माणसाएवढी.

काकांनी डावा हात झटक्यात ओढून छातीशी घेतला.

"हा..." त्यांचे डोळे विस्फारले होते. "हा मी हलवला."

"हलवलात! अहो, खरंच हलवलात!" काकू ओरडल्या. त्यांना मिठी मारायला त्या वळणार, तोच लक्षात आलं की आपला हात अजून भिंतीकडेच आहे. आणि त्यावर कुणीतरी संथपणे थोपटायला लागलं आहे.