बसायचं निमित्त

त्याच्या उजव्या बुटाचा तळ सुटला होता. समोरच्या शेवटच्या थांब्यावर बस लावून तो रस्ता ओलांडून आमच्या दुकानात आला, तेव्हा तो तळ त्याच्या आधी बोलत होता — फटक, फटक. मी हसू दाबलं. त्याने ते पाहिलं... आणि ओशाळून तोच हसला.

"नऊ नंबर," तो म्हणाला. "बुटाचा. बसचा सतरा आहे."

बुटांच्या त्या दुकानात आम्ही पाचजणी दिवसभर उभ्या असायचो. खुर्च्या होत्या, पण गिऱ्हाइकांसाठी. मालकांचं म्हणणं, बसलेली बाई आळशी दिसते. बसायची मुभा फक्त कुणाच्या पायात बूट चढवताना, त्या बुटक्या स्टुलावर. मी सहा डबे शेजारी रचले, स्टुलावर टेकले आणि नकळत तोंडून ‘हुश्श’ निघालं.

ड्रायव्हरचे कान ते! इंजिनाची बारीक कुरकुरही ऐकणारे. किती वेळ उभ्या आहात, त्याने विचारलं. सकाळपासून, मी म्हटलं. पहिला जोड म्हणे अंगठ्याला लागतो. दुसरा टाचेला. तिसऱ्याचा रंग पटेना, चौथ्याची नाडी फार लांब...

"पाय भलतेच चोखंदळ आहेत तुमचे."

"पाय बिचारे गरीब आहेत हो. चोखंदळ मी आहे," तो म्हणाला, आणि त्याने असं पाहिलं की मी डावा बूट उजव्या पायात चढवायला गेले.

शेवटी घेतला तो पहिलाच जोड, अंगठ्याला लागणारा.

मग तो रोज दुपारी येऊ लागला. कधी भावासाठी, कधी वडिलांसाठी, कधी मेव्हण्यासाठी — साऱ्या घराचा नंबर नऊच! चौथ्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस बूट बघतच नव्हता. मला बसवत होता.

विचारलं तर म्हणाला, तो दिवसभर बसून पाठ मोडून घेतो आणि मी उभी राहून पाय. वाटणी कुठेतरी चुकलीय. पण असं दहा-दहा मिनिटांनी भागायचं नाही. ड्रायव्हरांना फेऱ्यांमधली ही दहा मिनिटंसुद्धा अर्ज करूनच मिळाली होती.

अर्ज मी लिहिला. गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसू द्यावं, प्रत्येकीला एक स्टूल. त्याने फक्त शुद्धलेखन तपासलं. आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या ताई, ज्यांच्या पायांच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या, सही करताना म्हणाल्या, "मागणी करतेच आहेस, तर एखादी घालूनही टाक." आणि डोळ्यांनीच बसथांबा दाखवला.

मालकांनी अर्ज वाचला. आवाज न चढवता म्हणाले, मागे घे, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. घर माझ्याच पगारावर चालत होतं.

"उद्याचं उद्या," मी म्हटलं. "आज पाय दुखताहेत."

आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसले.

मग ताई बसल्या. मग उरलेल्या तिघी, एकीमागून एक. नेमका तेव्हाच तो आला. मालकांनी घाईघाईने मोकळी खुर्ची पुढे केली. तो उभाच राहिला.

"मी बसूनच असतो," तो म्हणाला. "होऊ दे त्यांचं. मला घाई नाही."

त्याच्यामागून एक नवरा-बायको आले. आमच्याकडे पाहून तेही बसेनात. मालक एकदा बसलेल्यांकडे बघत, एकदा उभ्यांकडे. शेवटी पुटपुटले, आणतो स्टुलं. आणि हिची नोकरी, ताईंनी विचारलं. कुणी काढलंय तिला, मालक गुरगुरले. ताईंनी ते दोन्ही अर्जाखाली लिहून घेतलं, मगच उठल्या.

आठवड्याने स्टुलं आली. दुपारी मी काउंटरमागे बसले होते. तो दारातच थबकला.

"आता तुम्ही बसलेल्याच आहात..." तो म्हणाला. "म्हणजे मला यायला काही कारण उरलं नाही."

माझे कान तापले. तरी मी नजर खाली घातली नाही.

"मग कारणाशिवाय या ना," मी म्हटलं. "मी... वाट बघते."